ओटीभरणाचा फोटो

जावई घरी आला की सासूने पापलेट तळावं, हे मला कळतं. पण जावई न्हाणीत शिरून दार लावतो, आत लाल बल्ब पेटवतो आणि तासभर पाणी ओतल्याचे आवाज काढत बसतो, तेव्हा सासूने काय करावं, हे मला कुणी शिकवलं नाय. मी दाराला कान लावला. आत भावेश स्वतःशीच आकडे मोजत होता.

"रखमा, आकडे मोजतोय गो," मी शेजारणीला जाऊन सांगितलं.

"मंत्र असतील," रखमा म्हणाली. रखमाला सगळीकडे मंत्रच ऐकू येतात. पण त्या दिवशी मला तिचं पटलं.

मी मंजुळा, दांडी गावची. बोंबील सुकवते आणि बोईसरच्या बाजारात नेऊन विकते. बाजारात बसणाऱ्या बाईला संशय शिकवावा लागत नाय, तो मिठासारखा अंगात मुरतो. गिऱ्हाईक गोड बोललं की मी आधी टोपली जवळ ओढते. आणि हा भावेश तर पहिल्यापासून गोड बोलणारा. पालघरला एका एक्सरे सेंटरात कामाला हाय, व्यसन नाय, आवाज चढवत नाय. एवढा चांगला माणूस म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, असं मी लग्नातच भिकाला म्हणले होते. भिका म्हणजे माझा नवरा. तो म्हणाला, "तुला देव भेटला तरी तू त्याचं आधारकार्ड मागशील."

लेक दीपाली पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली, तेव्हापासून भावेश सुट्टीला यायला लागला, आणि येताना ती पेटी आणायला लागला. लाकडाची पेटी. पुढे भिंग, मागे काच, आणि मधे हार्मोनियमला असतो तसा घड्यांचा भाता. पालघरचा कुठला तरी फोटो स्टुडिओ बंद पडला, तिथून त्याने ती उचलून आणली होती. भिंगाच्या आत बुरशीचे ठिपके. मागची काच फुटलेली, म्हणून याने खिडकीची काच आणून स्वतः घासून पांढुरकी करून बसवली. तीन पायांपैकी एक पाय सुतळीने बांधलेला. बटण नाय, काय नाय. भिंगावरची टोपी काढायची, तोंडाने मोजायचं आणि टोपी परत लावायची, की झाला फोटो. खिशात चांगला मोबाईल असताना हा माणूस डोक्यावर काळं फडकं घेऊन त्या पेटीत तोंड खुपसून उभा राहायचा.

"मोबाईलमध्ये काय वाईट हाय?" मी विचारलं.

"वाईट काही नाही, आई. मोबाईलमध्ये शंभर फोटो काढतो आणि एकही बघत नाही. इथे एकच काढायचा, म्हणून आधी नीट बघावं लागतं. तुम्ही बघा ना."

मी फडक्यात शिरले. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. काचेवर माझं अंगण आलेलं, पण सगळं उलटं. बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या वर लटकलेल्या आणि आभाळ पायाखाली. कोंबडी डोक्यावर चालत गेली. मी बाहेर आले आणि तोंड वाकडं करून म्हणले, "भिंग खराब हाय तुमचं." तो खो खो हसला.

मग एकदा त्याच्या सामानात मला तो डबा दिसला. डब्यावर हाडांचं चित्र. मी विचारलं, तर हा सरळ म्हणाला, "एक्सरेची फिल्म आहे. आता सेंटरमध्ये सगळं कॉम्प्युटरवर आलं, जुने डबे पडून होते. डॉक्टर म्हणाले, घेऊन जा. कापून या कॅमेऱ्यात बसवतो."

माझ्या डोक्यात सणक गेली. पोटुशी बाई दिसली की एक्सरेवाले खोलीबाहेर काढतात, एवढं मला पण माहीत हाय. "पोटुशी बायको समोर बसवून तुमी एक्सरे काढता? घरी कुणाला विचारलंत?"

"आई, किरणं मशीनमधून निघतात. ही नुसती फिल्म. हिच्यातून काही निघत नाही, हिच्यावर पडतं फक्त."

"मग आधी माझा काढा. काय व्हायचं ते माझं होऊ दे."

त्याने काढला. फोटोत मी भिंतीवरून उडी मारायच्या बेतातल्या चोरासारखी दिसत होते, कारण तो मोजत असताना मी मान वळवून रखमाकडे बघितलं. मला काय झालं नाय. ताप नाय, पुळी नाय. त्यानंतर मी परवानगी दिली, पण डोळा ठेवून. फिल्म धुवायच्या औषधाला त्याने माझ्या पिठाच्या पराती मागितल्या, त्या दिल्या नाय. मासळीचे जुने टब दिले.

ओटीभरणाला दीपालीने हिरवी साडी नेसली. बायका गाणी म्हणून गेल्या, आणि भावेशने अंगणात, वलांडीच्या पुढे खुर्ची मांडली. दीपाली बसली. तिच्या एका बाजूला त्याने भिकाला स्टुलावर बसवलं. भिकाला फोटोची हौस फार. इस्त्रीचा सदरा घातलेला, एक हात लेकीच्या खुर्चीवर, म्हणजे जवळजवळ तिच्या पोटापाशीच. भावेशने टोपी काढली, मोजलं, टोपी लावली. "एक नंबर!" म्हणाला.

संध्याकाळी न्हाणीतून ओली फिल्म घेऊन तो बाहेर आला. त्या फिल्मवर गोरं ते काळं आणि काळं ते पांढरं दिसतं, हे मला एव्हाना कळलेलं. पण ही वेगळी होती. भिकाच्या बाजूने एक काळाकुट्ट धूर उठलेला. त्याचा खांदा, छाती सगळं गिळून तो धूर दीपालीच्या पोटापर्यंत आला होता.

"अरेरे," भावेश म्हणाला, "भात्याला कुठंतरी भोक पडलंय. उजेड आत गेला. जुना माल, चालायचंच."

भिकाने फिल्म हातात घेतली, दाराच्या उजेडाला धरली. "काळी पडली," एवढंच म्हणाला. मग फिल्म परत दिली आणि न जेवता बाहेर गेला.

त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याचं काहीतरी बिघडलं. खाडीकाठी होडीचं सामान ठेवायची आमची झोपडी हाय, तिथं झोपायला जायला लागला. जेवण तिथंच मागवायचा. दीपाली अंगणात आली की हा उठून जायचा. एकदा ती त्याला चहा द्यायला गेली, तर म्हणाला, "तिथंच ठेव, लांब ठेव." पोरगी कप ठेवून आत आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली.

"आई, बाबांना नातवंड नकोय का? मी काय केलं?"

आता माझा संशय चौखूर उधळला. आधी वाटलं ताडी. तोंडाचा वास घेतला, तर नाय. मग वाटलं बाई. रखमाकडे पण मी दोन दिवस वाकड्या डोळ्याने बघितलं, बिचारीने मला कालवण आणून दिलं तरी. मग वाटलं जावईच काहीतरी बोलला असणार, कारण गोड बोलणारी माणसंच चिमटा काढतात. भावेशला खडसावलं, तर तोच उलट काळजीत. त्याने अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च घालून मला भोक दाखवलं. घडीच्या कोपऱ्यात खरंच उजेडाचा ठिपका दिसला. त्यावर त्याने काळी चिकटपट्टी लावली. "बाबांना पण दाखवलं," तो म्हणाला, "ते नुसते मान हलवतात."

मग भिकाने निरोप पाठवला की तो नवापूरला मावसभावाच्या होडीवर जातोय. बारसं झालं की येईल. पहिलं नातवंड जन्माला येणार आणि आजा बारसं झाल्यावर येणार! मी पदर खोचला आणि झोपडीवर गेले.

तो पिशवी भरत होता. मी पिशवी उचलली आणि बाहेर वाळूत फेकली.

"बोला. कोण हाय ती?"

"कोण कोण?"

"मला येडी समजू नका. लेकीचा जीव तीळतीळ तुटतोय. खाई त्याला खवखवे. काय खाल्लंय ते ओका."

भिका खाली बसला. म्हणाला, "मंजुळे, ते काळं माझ्यामुळे आलं."

लग्नानंतर काही वर्षं भिका बोईसरला एका ठेकेदाराकडे होता. कारखान्यातल्या पायपांना वेल्डिंग करतात, त्या जोडात आत फट राहिली नाय ना, हे किरणं सोडून तपासायचं काम. मला एवढंच माहीत होतं, आणि तो मुकादमाशी भांडून घरी आला, हे माहीत होतं.

"भांडलो नव्हतो," तो म्हणाला. "आमच्या छातीला बिल्ला असायचा. बिल्ल्यात फिल्म. ती तपासायला जायची. कोरी आली तर माणूस बरा. काळी आली तर किरणं लागली. माझी काळी आली, गो. साहेब म्हणाला, आता दुसरं काम बघ. ते माझ्या अंगातच हाय अजून. बघितलंस ना तू? माझ्याकडनं निघालं आणि पोरीच्या पोटाकडे गेलं."

मी बोलायला तोंड उघडलं, तर तो पुढे म्हणाला, "आपली ती दोन... ती पण माझ्यामुळेच गेली."

दीपालीच्या आधी माझी दोन गेली. एक पोटातच, एक जन्मल्या दिवशी. माझी सासू मरेपर्यंत सगळ्या आळीत सांगत होती की हिची कूस खोटी हाय. हळदीकुंकवाला मला मागे बसवायची. लोकांच्या बारशाला नेत नसे. आणि हा माणूस, माझा नवरा, तेव्हा तिच्या शेजारी बसून भात कालवत होता, आणि मनात त्याला वाटत होतं की दोष आपला हाय.

"तुमी गप्प बसलात?" मी म्हणले. "एवढी वर्षं?"

"कुठल्या तोंडाने सांगू?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आणि त्याच वेळी त्याचं डोकं मांडीवर घ्यावंसं पण वाटलं. दोन्ही केलं नाय. वाळूतली पिशवी उचलली, झटकली आणि बगलेत मारली. "नवापूरला जायचं तर जा," मी म्हणले, "पण आधी एक फोटो काढून जा. नायतर पिशवी मिळणार नाय."

पिशवीच्या मागे मागे भिका पण घरी आला. मी भावेशला सगळं सांगितलं, दीपालीसमोरच. झाकून ठेवायचा मला कंटाळा आला होता. भावेश भिकाला म्हणाला, "बाबा, किरणं अंगात साठून राहत नाहीत. दिवा विझवला की उजेड संपतो, तसं ते. मी रोज त्याच कामात आहे."

"जावई मोठ्या मनाचा हाय," भिका माझ्याकडे बघत म्हणाला. म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"आणि ती दोन बाळं?" मी भावेशला विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही, आई. कुणालाच येणार नाही."

त्या क्षणी माझा त्याच्यावर पहिल्यांदा विश्वास बसला. गोड बोलणारा माणूस तिथं खोटं बोलला असता.

"मग ऐका," मी म्हणले. "ती चिकटपट्टी काढा."

"काढू? पुन्हा उजेड जाईल आत."

"जाऊ दे. पेटी त्या दिवशी होती तिथं, तशीच ठेवा. वेळ पण तीच, दुपारची. पोरगी त्याच खुर्चीत. तुमी म्हणता भोक पेटीला हाय, हे म्हणतात काळं ह्यांच्या अंगातनं निघतं. भोक पेटीला असेल तर काळं त्याच जागी येईल, तिथं कुणी का बसेना. म्हणून ह्यांना बसवा दुसऱ्या बाजूला. आणि ह्यांच्या स्टुलावर मी बसते."

भावेशने माझ्याकडे बघितलं आणि पट्टी सोलून काढली.

दुपारी तसं सगळं मांडलं. दीपाली मधे. मी भिकाच्या जुन्या जागी. भिका पलीकडच्या बाजूला, पण स्टूल एवढं लांब ओढलेलं की भावेश म्हणाला, "बाबा, चित्रात येत नाही तुम्ही." मी उठले आणि स्टुलासकट त्याला ढकलत लेकीपाशी आणलं. तो पाय आखडून बसला, हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून. दीपाली ताठ बसून समोर बघत होती. रखमा कुंपणापाशी तोंडाला पदर लावून उभी. भावेश फडक्याखाली गेला, बाहेर आला, टोपी काढली. मोजत होता तेव्हा मी मान वळवली नाय, श्वास पण घेतला नाय.

या वेळी न्हाणीत मी पण शिरले. लाल उजेडात आमी दोघं माझ्या मासळीच्या टबावर वाकलो. भावेश टब एका बाजूने उचलून हलवत होता आणि आकडे मोजत होता. आधी फिल्मवर काय नव्हतं. मग हळूहळू साडीचे काठ आले, वलांडी आली. मग एका बाजूला काळं यायला लागलं. कुणाची बाजू ती, उलट्यासुलट्यात मला कळेना.

"कुणावर हाय? सांगा ना!"

"थांबा, आई. अजून दुसऱ्या टबात घालायचीय."

त्याने धुतलेली फिल्म मी त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावली आणि मागच्या दारी गेले. भिका पायरीवर बसला होता. पिशवी मिळायची वाट बघत असेल. मी फिल्म त्याच्या डोळ्यांसमोर आभाळाला धरली.

"बघा. हे कोण?"

"मी," तो म्हणाला. त्याची बाजू स्वच्छ होती. सदऱ्याची बटणं मोजून घ्यावीत इतकी.

"आणि हे काळं कुणावर हाय?"

तो वाकून बघत राहिला. तोच धूर होता, त्याच जागी. माझा खांदा, माझी छाती गिळून दीपालीच्या पोटापर्यंत गेलेला.

"तुझ्यावर," तो म्हणाला.

"मी कुठल्या ठेक्यावर गेले होते बिल्ला लावून? सांगा."

भिकाने बोट पुढे करून ओल्या फिल्मवर ठेवलं. त्याचा ठसा उठला तिथं, पण मागे उभ्या भावेशने त्याला अडवलं नाय. मग भिका गदगदून रडायला लागला. एवढ्या वर्षांत मी त्याला असं रडताना बघितलं नव्हतं, आमची दोन पोरं पुरली तेव्हा पण नाय.

"मंजुळे, आईने तुला जे जे..."

"ते आता काढू नका," मी म्हणले. माझे पण डोळे वाहत होते आणि राग तर असा की हात शिवशिवत होते. "तुमच्या आईने माझ्या कुशीला नावं ठेवली तेव्हा तुमी गप्प बसून जेवलात. ते मी विसरणार नाय. त्याचं भांडण मी मरेपर्यंत भांडणार हाय तुमच्याशी, रोज थोडं थोडं. पण आधी आत जा. पोरगी वाट बघतेय."

तो पाय न धुताच आत गेला. दीपाली खाटेवर टेकून बसली होती. तो तिच्या शेजारी बसला, तरी हात मांडीखालीच. तिने तो ओढून काढला आणि आपल्या पोटावर ठेवला. आतून लाथ बसली असावी, कारण भिकाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

मग त्याने आधी माझ्याकडे बघितलं आणि हात परत ठेवला, आपणहून.